बाबासोंची वाकळ

आत्याच्या घरी राहायला जायचं नाही, एवढी एकच गोष्ट दीक्षाला हवी होती. एम.एस्सी.ला नंबर लागला, फिजिक्स मिळालं, यादीत नाव वरच्या बाजूला लागलं, या सगळ्याचा आनंद तिनं बाजूला ठेवला आणि आधी आईजवळ जाऊन एवढंच सांगून टाकलं. आई म्हणाली, "मला कशाला सांगतीस? तुझ्या आबाला सांग."

आबा म्हणजे बाबासो कांबळे. पन्हाळ्याच्या तालुका कचेरीत वरिष्ठ कारकून, घर कोडोलीत. मामलेदारासमोर मान वर करून बोलणारा हा माणूस थोरल्या बहिणीसमोर मात्र उभ्याचा बसायचा. आणि ही थोरली बहीण, आक्काताई, कोल्हापुरात राजारामपुरीला राहायची. तिचं म्हणणं साधं होतं. युनिव्हर्सिटी माझ्या घरापासून चालत जायच्या अंतरावर असताना माझी भाची रोज कोडोलीहून एसटीनं धक्के खात का येणार? या म्हणण्यात माया होती, नाही असं नाही. पण आक्काताईला तीन मुलगे होते, तिघेही लग्नाचे, आणि तिघांपैकी एकानंही जन्मात पाण्याचा तांब्या आपल्या हातानं भरून घेतला नव्हता. त्या घरात एम.एस्सी. करणारी भाची नेमकं काय करत बसेल, हे दीक्षाला कळत होतं, तिच्या आईला कळत होतं, आणि बाबासोंनाही कळत होतं. फक्त ते बोलायचं कुणी हा प्रश्न होता.

शेवटी बाबासो बोलले, पण कारकुनी पद्धतीनं बोलले. म्हणजे नाही म्हटलं नाही, मुदत मागून घेतली. पंधरा ऑगस्टपर्यंत पोरगी ये-जा करील. तोवर एकही लेक्चर चुकलं नाही तर कोडोली, आणि एक जरी चुकलं तर ट्रंक उचलून राजारामपुरी. आक्काताई म्हणाली, "चालतंय की. पंधरा ऑगस्ट लांब हाय. ट्रंक पुसून ठेव म्हणावं तिला."

त्यात भर म्हणजे पहिलं लेक्चर सकाळचं, आणि ते घेणारे सर घंटा झाली की आतून दाराला कडी लावायचे. कडी लागली की बाहेरचा तो बाहेर. असले सर पहिल्या तासालाच का ठेवतात, दुपारी का ठेवत नाहीत, यावर बाबासोंनी घरात बराच संताप केला. त्याचा युनिव्हर्सिटीवर परिणाम झाला नाही.

आता तयारी सुरू झाली. वास्तविक तयारी करायची होती दीक्षाची, पण ती बाबासोंनी स्वतःच्या अंगावर घेतली, आणि बाबासोंनी एखादी गोष्ट अंगावर घेतली की ती गल्लीच्या अंगावर जायची.

पहिली पायरी पासाची. विद्यार्थ्याचा सवलतीचा पास काढायला डेपोत गेले, तर खिडकीतला माणूस म्हणाला, बोनाफाईड आणा. युनिव्हर्सिटीतून बोनाफाईड आणलं, तर म्हणाला, यावर शिक्का चौकोनी आहे, गोल पाहिजे. बाबासो म्हणाले, "अहो, शिक्का हाय न्हवं? मग गोल असला काय आन् चौकोनी असला काय?" तो म्हणाला, "चौकोनी शिक्का आवक-जावकचा असतोय. साहेबाचा गोल असतोय. तुमास्नी माहीत न्हाय?"

बाबासोंना माहीत नव्हतं? गेली वीस वर्षं याच कारणासाठी त्यांनी पन्हाळ्याच्या खिडकीतून अर्धा तालुका परत पाठवला होता! पण तिथं कामाची एक शिस्त होती, आणि इथं होती ती शुद्ध अडवणूक, हा फरक त्यांना स्वच्छ दिसत होता. "सामान्य माणसाला कुत्रं समजत्यात हे लोक," असं ते त्या दिवशी स्टँडवर चारचौघांत मोठ्यानं म्हणाले. ऐकणाऱ्यांत त्यांच्याच खिडकीवरून परत गेलेले दोघं-तिघं होते. त्यांनी मनापासून माना डोलावल्या.

पास मिळाला. पण पास म्हणजे काही जागा नव्हे. कोडोलीहून सकाळी कोल्हापूरला सुटणाऱ्या गाडीत जागा मिळवणं हा निराळाच विषय आहे. गाडी फलाटाला लागायच्या आधी, चालू असतानाच खिडकीतून रुमाल टाकायचा, की ती जागा आपली. हा कायदा कुठं छापलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला स्टँडवर तोंड दाखवायची सोय राहत नाही, अशी बाबासोंची समजूत होती. ही समजूत पहिल्याच दिवशी गेली. त्यांचा इस्त्रीचा पांढरा रुमाल खिडकीतून बरोबर बाकड्यावर पडला, आणि एक धिप्पाड गृहस्थ त्याच्यावर बसले. रुमाल कुणाचा म्हणून बाबासोंनी विचारलं, तर त्या गृहस्थांनी तो खालून ओढून काढला, आपला चष्मा पुसला आणि "ह्यो घ्या, पडला व्हता," म्हणून परत केला.

दुसऱ्या दिवशी बाबासोंनी छत्री टाकली. छत्री या खिडकीतून आत गेली आणि पलीकडच्या खिडकीतून बाहेर पडली. तिथं तिला कुणीतरी सापडलेली वस्तू समजून घेऊन गेलं. दीक्षा दोन्ही दिवस वेळेवर पोचली, हे खरं म्हणजे महत्त्वाचं. पण बाबासोंचं तिकडं लक्ष नव्हतं. पोरगी उभ्यानं गेली, ही गोष्ट त्यांना लागली होती. कोडोली ते कोल्हापूर उभ्यानं जायचं, वर वर्गात बसून फिजिक्स ऐकायचं, असं किती दिवस चालणार? चार दिवसांत थकेल, पाचव्या दिवशी गाडी चुकेल, आणि सहाव्या दिवशी ती आक्काच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत असेल, हे सगळं त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

संध्याकाळी गल्लीची बैठक बसली. शेजारचा गुंडू, ज्याच्या चार म्हशी आणि दूधसंस्थेत मत होतं, तो म्हणाला, "बाबासो, रुमालाचं दिवस ग्येलं. रुमाल आता कोण मानतंय? वजनदार कायतरी टाका. उचलताना मानसाला लाज वाटली पायजे."

"काय टाकू? पाटा टाकू?"

"पाटा नगं. काच फुटंल."

तेवढ्यात गुंडूची बायको बनाबाई आतून म्हणाली, "वाकळ टाका की. वाकळंवर परक्याच्या कोण बसतंय? मी शिवून देतो."

बनाबाई बोलली ते करणारी बाई. जुन्या लुगड्यांचे थर देऊन तिनं रात्रंदिवस टाके घातले आणि रविवारी वाकळ आणून बाबासोंच्या सोप्यात अंथरली. अंदाज मात्र तिनं बाकड्याचा घेतला नव्हता, खाटेचा घेतला होता. तीन माणसं ऐसपैस बसतील एवढी ती झाली. आणि मधोमध, लांबून वाचता येईल अशा तांबड्या दोऱ्यात तिनं नाव घातलं होतं: दीक्षा.

दीक्षानं ती पाहिली आणि तिचा चेहरा पडला. "आबा, ही गाडीत टाकायची?"

"मग काय भिंतीला लावायची?"

"आबा, माझ्या वर्गातल्या पोरी वाठारपासनं, केर्लीपासनं येतात. कुणीच वाकळ आणत नाही."

"म्हणून त्या उभ्या राहत्यात," बाबासो म्हणाले आणि विषय संपला.

सोमवारी वाकळ गाडीत गेली. चार घड्या घालून ती खिडकीच्या आडव्या दांडीखालून लोटायची आणि आत पडली की बाहेरूनच टोक ओढून पसरायची, ही युक्ती बाबासोंनी घरच्या खिडकीवर सराव करून बसवली होती. बाकडं पुरं झाकलं गेलं. कुणीही बसलं नाही. लोक आले, नाव वाचलं, "कोण दीक्षा?" म्हणून इकडंतिकडं पाहिलं आणि मागं सरकले. बाबासो फलाटावर उभे राहून ते दृश्य बघत होते. छाती भरून आली त्यांची. दीक्षाला हाक मारून, गर्दीतून वाट करून त्यांनी तिला दारातून आत घातलं आणि गाडी हलेपर्यंत हात हलवला. परतीच्या फेरीत कंडक्टर पिराजी ती वाकळ स्टँडवरच्या कँटीनमध्ये ठेवायचा, संध्याकाळी बाबासो ती खांद्यावरून घरी आणायचे. अशी व्यवस्था लागली.

व्यवस्था लागली की तिच्यावर लोक बसतात. तीन माणसांचं बाकडं आणि पोरगी एकटी, हे गुंडूच्या ध्यानात आलंच. त्याची कोल्हापूरच्या कोर्टात बांधाची केस होती. "आमचंबी एक बूड टेकवा," तो म्हणाला. बनाबाईला महाद्वार रोडला जायचं होतं. तिनं तर वाकळ शिवली होती, तिला नाही कसं म्हणणार? मग हायस्कूलचे दोन मास्तर आले. "कांबळे साहेब, मंगळवारचं बघा की जरा." बाबासो स्टँडवर दिसले की लोक त्यांच्याकडं यायला लागले. कुणी तर त्यांना गाडी किती वाजता म्हणून विचारलं. तालुका कचेरीचा वरिष्ठ कारकून, आणि लोक त्याला चौकशीची खिडकी समजतात! एकानंही कधी आभार मानले नाहीत, उलट जागा खिडकीजवळची नाही म्हणून एक मास्तर रुसला.

पिराजीनंही एक दिवस काढलं. "साहेब, ह्या वाकळंचं तिकीट कोण काढनार?"

"वाकळंला तिकीट?"

"जागा अडवती म्हंजी तिकीट लागनारच की. मानूस न्हाय, तर सामान. सामानाला सामानाचं तिकीट."

"परिपत्रक दाखवा."

"परिपत्रक डेपोत हाय."

बाबासोंनी डेपोला रीतसर अर्ज केला. त्याचं उत्तर आलं की वाकळीचं वजन कळवावं, आणि वजनाच्या दाखल्यावर गोल शिक्का असावा. तो कागद वाचून बाबासो जेवले नाहीत.

या सगळ्या धावपळीत दीक्षाचं एकही लेक्चर चुकलं नाही. उशीर रोज व्हायला लागला तो बाबासोंना. कोल्हापूरची गाडी लावून देईपर्यंत पन्हाळ्याची निघून जायची. हजेरीपटावर लाल शेरे पडायला लागले, आणि एक दिवस साहेबांनी विचारलं, "काय कांबळे, बिऱ्हाड स्टँडवर हलवलं का?" सगळी कचेरी हसली. बाबासो कुणासाठी हे करत होते? ज्या पोरीसाठी करत होते, ती पोरगी रोज सकाळी खाली मान घालून गाडीत चढायची आणि वर म्हणायची, "आबा, अख्ख्या गाडीला माझं नाव पाठ झालंय. आता राहू दे की." याला उपकाराची जाणीव म्हणतात?

शिवाय वाकळीत रोज काहीतरी सापडायला लागलं. कधी भडंगाचे कुरमुरे, कधी कोथिंबिरीच्या काड्या, एकदा तर सुपारीचं खांड. "गाडीत खात जाऊ नको म्हणून सांगितलंय न्हवं तुला?" बाबासो ओरडले. दीक्षानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आईकडं बघितलं आणि मिटलं. सुपारी पोरगी कधीपासून खायला लागली, एवढाही विचार बाबासोंच्या मनात आला नाही, कारण ते तेव्हा रागात होते.

असं करत चौदा ऑगस्ट आला. मुदतीचा शेवटचा दिवस. आक्काताई आदल्या संध्याकाळीच कोडोलीत दाखल झाली. "उद्या मीच बसतो हिच्यासंगट. बघू दे मला, कशी जाती ती," म्हणाली. आल्या आल्या तिनं ट्रंक कुठाय ते पाहून घेतलं. ट्रंक पुसलेली नव्हती, हेही तिनं बोलून दाखवलं.

सकाळी बाबासो नेहमीपेक्षा लवकर स्टँडवर. गाडी आली, पाटी कोल्हापूरची. वाकळ आत गेली, पसरली गेली, आणि आक्काताईला दोन्ही हातांनी धरून त्यांनी खिडकीशी नेऊन बसवलं. आक्काताईनं वाकळीवर हात फिरवला. "झ्याक हाय की रे." इतक्या वर्षांत बहिणीनं आपल्या कुठल्या कामाला झ्याक म्हटल्याचं बाबासोंना आठवत नव्हतं. राखण म्हणून तेही शेजारी बसले. दीक्षा खाली, कॉलेजला जाणाऱ्या गावच्या मैत्रिणींत उभी होती.

इतक्यात कंट्रोलरनं खोलीतून मान बाहेर काढली आणि शिट्टी मारली. "ही गाडी वडगावला जाईल! वडगावची बंद पडलीया! कोल्हापूरवाल्यांनी मागच्या गाडीत बसून घ्या!"

पेठ वडगावला त्या दिवशी बाजार होता. ड्रायव्हरनं पाटी उलटी केली. बसलेली माणसं भराभरा उतरून मागच्या गाडीकडं धावली. दीक्षा खिडकीशी आली. "आबा, उतरा! आत्या, उतर लवकर!"

"उतरायचं काय कारण?" बाबासो म्हणाले. "जागा धरली तवा पाटी कोल्हापूरची व्हती. मी लेखी मागतो."

"आबा, गाडी सुटेल!"

"सुटंल कशी? मानसं बसल्यात न्हवं आत?"

"मी न्हाय उठायची," आक्काताई म्हणाली. "हितनं उठलं आन् तिथं जागा न्हाय मिळाली म्हंजी? एवढी झ्याक जागा हाय."

वीस दिवस खपून जी जागा मिळवायला शिकले, ती कंट्रोलरच्या एका शिट्टीवर सोडायची? बाबासोंच्या अंगाचा तिळपापड झाला. ते खिडकीतून कंट्रोलरला कलम विचारत राहिले. कंट्रोलर चहा पीत राहिला. दीक्षानं एकदा मागच्या गाडीकडं पाहिलं, एकदा आबांकडं पाहिलं. मग ओढणी कमरेला खोचून ती धावली, चालू होणाऱ्या गाडीच्या मागच्या दारात एक पाय ठेवला, कुणीतरी आतून हात दिला, आणि गेली.

मग ही गाडीही सुटली. वडगावला.

पिराजी तिकिटांची पेटी वाजवत आला. "दोन वडगाव. वाकळंचं सामान येगळं."

"पिराजी, माझी पोरगी उभी गेली बघ आज!" बाबासोंचा आवाज चिरकला. "आजच्याच दिवशी!"

पिराजीनं तिकीट पंच केलं. "आज म्हंजी? साहेब, ती रोजच उभी असती की. तुमच्या गुंडूलाबी ठावं हाय."

"आन् मग वाकळंवर कोण बसतंय?"

"बसत्यात म्हातारी मानसं. भाजीवाल्या बायका. सुपारीवाली धोंडुबाई तर रोजची. पोरगी म्हंती, बसा मावशी. आन् आपुन मागल्या दाराला मैत्रिणींत उभी. हसत खिदळत जात्यात की पोरी कोल्लापूरपतोर."

बाबासोंना हे ऐकून काय वाटलं ते सांगायचं तर आधी राग आला. पन्हाळ्याला लाल शेरे कुणासाठी खाल्ले? धोंडुबाईसाठी? मग त्यांना त्या सुपारीच्या खांडावरून पोरीला बोललेलं आठवलं, आणि राग कुठं ठेवावा ते कळेना. शेवटी तो त्यांनी पिराजीवर काढला आणि वाकळीचं तिकीट घ्यायला साफ नकार दिला.

वडगावात उतरले तर सगळीकडं जनावरं. बाबासोंच्या खांद्यावर वाकळ, मागं आक्काताई पदर सावरत, चिखल चुकवत. कोल्हापूरची गाडी रस्त्याच्या पलीकडून मिळायची होती. बैलांच्या दावणीतून जाताना एकानं वाकळीचं टोक चिमटीत धरून बघितलं. "पावणं, केवढ्याला दिली?"

"इकायची न्हाय!"

"मग बाजारात कशाला आणलीसा?"

तालुका कचेरीच्या वरिष्ठ कारकुनानं वाकळ दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पाय उचलला. आक्काताई मात्र वाटेत थांबून म्हणाली, "बाबासो, दुपार व्हाय आली. माझ्या तिन्ही पोरांनी अजून च्यासुदीक घेतला नसंल." आणि हे बोलून ती चिखल न चुकवता सरळ चालायला लागली.

दुपार कलल्यावर दोघं युनिव्हर्सिटीत पोचली, उभ्यानं. वाकळ सोबत असूनही उभ्यानं, कारण मधल्या स्टॉपवर चढणाऱ्याला वाकळ टाकायला खिडकी मिळत नाही. फिजिक्सच्या इमारतीच्या पायरीवर दीक्षा मैत्रिणींबरोबर डबा खात बसली होती.

"पोचलीस?" बाबासोंनी विचारलं.

"कडी लागायच्या आधी. प्रॅक्टिकल पण झालं. तुम्ही जेवला का?"

आक्काताईनं पोरीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग पायरीवर बसली, दीक्षाच्या डब्यातली अर्धी भाकरी घेतली आणि चावता चावता निकाल दिला. "ट्रंक असू दे तिथंच. ही जाती-येती. ह्येच्यासाठीच कुटंतरी जागा बघाय पायजे," आणि मान बाबासोंकडं केली.

मैत्रिणी हसल्या. दीक्षा हसली नाही. आबांना जरा बाजूला नेऊन ती हळूच म्हणाली, "आबा, एक सांगू? पंधरा ऑगस्टची सुट्टी झाली की तुम्ही स्टँडवर येऊ नका. पन्हाळ्याची गाडी गाठा. मी जाते माझी."

जिंकलेल्या माणसाला असं कुणी बोलतं का? बाबासो बरं म्हणाले. मात्र त्यांना फार लागलं.

सुट्टीनंतरच्या सकाळी ते स्टँडवर गेले नाहीत. पन्हाळ्याची गाडी मिळाली, खिडकीची जागा मिळाली, हजेरीपटावर लाल शेरा पडला नाही. साहेब म्हणाले, "वा, कांबळे!" आणि दिवसभर बाबासोंनी खिडकीवर आलेल्या एकाचंही काम केलं नाही.

संध्याकाळी घरी आले, वाकळ काढली आणि बाहेरच्या कट्ट्यावर अंथरून मधोमध बसून राहिले. गुंडू म्हशी घेऊन आला. "काय बाबासो, आज जागा धराय न्हाय ग्येला?"

"धरलीया की हितं."

"कुनासाठी?"

बाबासोंनी वाकळीची सुरकुती हातानं सपाट केली. दिवेलागणीला दीक्षा आली. केस विस्कटलेले, खांद्याला झोळी, एका हातात चपलेचा तुटलेला अंगठा. तिनं आबांकडं पाहिलं, वाकळीकडं पाहिलं.

"सरका," ती म्हणाली.

बाबासो न सरकता म्हणाले, "आमच्या जागंवर बसायला तुला लाज वाटती न्हवं?"

"आबा, सकाळपासनं उभी आहे. सरका."

ते सरकले. दीक्षा आपल्याच तांबड्या नावावर धपकन बसली, भिंतीला टेकली आणि तिनं पाय लांब सोडले. थोड्या वेळानं तिचं डोकं आबांच्या खांद्यावर आलं. आतून आईनं चहाला हाक मारली, तशी बाबासोंनी हातानंच खूण करून तिला गप्प केलं आणि ते हालचाल न करता बसून राहिले.